मामांचं मागील दारचं पोषणशास्त्र

डुकराच्या मांसाला माझ्या बायकोच्या मामांइतका निष्ठावंत वकील उभ्या गोव्यात मिळाला नसेल, आणि स्वतःच्याच घरात एकही खटला न जिंकलेला इतका आनंदी वकीलही दुसरा नसेल. मामा पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. निवृत्त शाळेतून झाले, शिकवण्यातून नाही. धारगळला हायवेच्या आतल्या अंगाला त्यांचं घर आहे. मी डिचोलीहून मुलगी बघायला त्या घरी गेलो होतो, तेव्हा बाकीच्यांनी नोकरी विचारली, कुळदेव विचारला. मामांनी विचारलं, "बी-वन जीवनसत्त्व आपण कुठून मिळवता?" मी घाबरून म्हणालो, "मेडिकलमधून." मामांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की लग्न तिथेच मोडतंय असं मला वाटलं. मग शांतपणे म्हणाले, "ते वराहमांसात विपुल असतं. शिवाय प्रथिनं, लोह, जस्त. आपण सुशिक्षित दिसता, म्हणून सांगतो." ते हे सांगत होते तेव्हा आतून मामी शिऱ्याच्या बश्या घेऊन येत होत्या. त्या दारातच थबकल्या आणि बश्यांसकट परत आत गेल्या. ज्या खोलीत तो शब्द उच्चारला गेला, तिथे शिरा न्यायचा नाही, एवढा त्यांचा नियम साधा होता.

मामींचे बाकीचे नियमही साधेच होते. डुक्कर घरात येणार नाही, म्हणजे नाहीच. मासळीला हरकत नाही, मटण-कोंबडीलाही नाही. पण मामांना हरमलच्या डुकराचं मांस विकणाऱ्या कायतानकडून जे काही आणायचं असेल ते त्यांनी घरामागच्या परड्यातून आणावं, मागील दारी तीन दगडांच्या चुलीवर वेगळ्या मातीच्या कुंडल्यात स्वतः रांधावं, माडाखाली बसून एकट्याने खावं, ताट तिथेच राखेने घासावं आणि विहिरीवर डोक्यावरून अंघोळ करून मगच उंबरठा ओलांडावा. मामांनी ही आचारसंहिता तीस-बत्तीस वर्षं इतकी मनोभावे पाळली की सोवळ्यातल्या भटजींनीही त्यांच्याकडे शिकवणी लावावी. रविवारी दुपारी विहिरीवर कळशी वाजली की शेजारीपाजारी समजून जात, मास्तरांचं पोषण झालं.

बरं, रविवार तरी किती मिळायचे? मामा कडक विज्ञाननिष्ठ, पण सोमवार शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी. गुरुवार शिवराक. संकष्टी, एकादशी, श्रावण, चतुर्थीचे दिवस, सातेरी देवीची जत्रा, सगळं शिवराक. मी एकदा विचारलं, "मामा, शरीराला सोमवारी प्रथिनं लागत नाहीत का?" मामा गंभीरपणे म्हणाले, "लागतात. पण शरीराने देवाचा वार सांभाळायला शिकलं पाहिजे." हे शास्त्र कुठल्या पाठ्यपुस्तकात होतं ते मी विचारलं नाही. जावयाला काही मर्यादा असतात.

घरात श्रोते मिळेनात म्हणून मामा हायवेवरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसत. मोप्याच्या विमानतळाच्या बाजूला बांधकामावर जाणारे कोल्हापूरकडचे कामगार तिथे उतरायचे. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेला गरम उंडो पाव चहात बुडवत मामा त्यांना चरबीचे प्रकार समजावून सांगायचे. एकदा एका कामगाराने सगळं व्याख्यान नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं डुक्कर रानात शिरलं की एका रात्रीत ऊस भुईसपाट करतंय. पोषण त्याचं हुतंय, आमचं न्हाई." मामा दोन दिवस गाड्यावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले ते रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर यांतला फरक वहीत लिहून घेऊनच.

मीही या सगळ्याची यथेच्छ टिंगल केली. डिचोलीला ऑफिसात मामांच्या नकला करून मी चांगलं नाव कमावलं होतं. मग गेल्या वर्षी मामींचं पोटाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन नीट झालं, पण मामी सावरेनात. रक्त कमी, जेवण नको, तुळशीपर्यंत चालल्या तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकद आली पाहिजे. अंडी, मासे, मांस, जे चालतं ते खाऊ द्या." जे चालतं ते! मामांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आयुष्यभराचा खटला अखेर वरच्या कोर्टात उभा राहिला होता. पण मामी पेजेच्या दोन चमच्यांवर तोंड फिरवत होत्या. माणूस डोळ्यांदेखत वाळत होतं. मामांची व्याख्यानं बंद झाली, आणि ती बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

एका रविवारी मी आणि बायको मामींना बघायला गेलो. मामांनी मला परड्यात बोलावून घेतलं. चुलीवर शागुतीचा मसालेदार रस्सा रटरटत होता. मामा हळूच म्हणाले, "जावयबापू, आज ती जेवणार. मटण म्हणून सांगितलंय." मी कुंडल्यात पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. जन्मात मुलांच्या उत्तरपत्रिकेत अर्धा गुण जादा न टाकलेला हा माणूस. "पाप माझ्या डोक्यावर," ते म्हणाले, "पण ती उठून बसली पाहिजे." मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. या वेळी मला एकही विनोद सुचला नाही.

मामींना भिंतीला टेकवून बसवलं. पुढ्यात भात आला, स्टीलच्या वाटीतून वाफाळती शागुती आली. मामा समोर पाटावर बसले. मामींनी वाटीकडे पाहिलं, मग मामांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. भात कालवला, घास उचलला, तोंडाशी नेला.

"खाव नको!" मामा ओरडले. त्यांनी तो घास मामींच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. "ता मटण न्हय!"

मामी थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "ठावक आसा."

"कसां?"

"तुमचे केस बघा."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मामांच्या केसांतून पाणी निथळत होतं. मटणाचं सोंग आणताना मामांनी मसाला बदलला, वाटी बदलली, पण आत येण्यापूर्वी पाय मात्र सवयीने विहिरीकडे वळले होते.

"मटण रांदून कोण न्हाता?" मामी म्हणाल्या.

मामांनी ओल्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मगे घास कित्याक उचललंस?"

मामींनी डोळे मिटून घेतले. "एक घास गिळूक काय जाता? तुमच्या जीवाक बरां वाटलां असतां."

मामा उठून मागील दारी गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. माझी बायको रडत होती आणि मी वाटीकडे बघत बसलो होतो.

मामी पुढे बऱ्या झाल्या. नाचण्याची आंबील, मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी आणि नदीतल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, यांच्यावर झाल्या. "तिसऱ्यांत लोह असतंच," एवढंच मामा म्हणाले, तेही खालच्या आवाजात. आता त्या पाणी भरतात, तुळशीला फेऱ्या घालतात, मामांना दमातही घेतात. रविवारी विहिरीवर कळशी मात्र वाजत नाही. मी थट्टेने विचारलं, "काय मामा, पोषण सोडलंत?" तर म्हणाले, "वय झालं, पचत नाही." मी हसलो. खरं काय ते मामींनी मला सांगितलं, तेही मामा गाड्यावर गेलेले असताना. "हे सातेरीकडे नवस बोललेले, मी उठून चलाक लागलंय तर जल्मभर तां खावचां सोडीन म्हणान. गुरवान माका सांगल्यान. तेंनी सांगूक नाय, मीयां इचारूक नाय." देवीपुढे सोडायला त्या माणसाकडे दुसरं काही लाडकं नव्हतंच. मी केलेल्या सगळ्या नकला मला त्या क्षणी आठवल्या आणि फार लाज वाटली.

व्याख्यानं मात्र पूर्ववत सुरू आहेत. आता न खाता गुण गातात, त्यामुळे आवाजाला जास्तच धार आली आहे. मागील दारच्या कुंडल्यात मामींनी अबोली लावली आहे. फुलं उदंड येतात. पण त्या कुंडल्यातली फुलं देवाला कशी चालतील? नियम तो नियम. तेव्हा मामा रोज सकाळी ती खुडतात, आणि ती जातात मामींच्या अंबाड्यावर.

गेल्या रविवारी मी मुद्दाम विचारलं, "मामा, अबोलीत बी-वन असतं का हो?"

मी लांबलचक उत्तराच्या तयारीने खुर्ची पुढे ओढली. मामा अंगण झाडणाऱ्या मामींच्या अंबाड्याकडे बघत राहिले.

"आसा," एवढंच म्हणाले.