पोफळीच्या अळंबीचा काढा

आमच्या वाडीत पोफळीच्या बुंध्याशी लाकडासारखी टणक, तपकिरी अळंबी उगवली, की घरात सुतक लागल्यासारखं व्हायचं. एका झाडाला लागली की शेजारच्यालाही धरते. मग आमचे हे झाड पाडायचे, बुंधा जाळायचे, भोवती चर खणायचे आणि अळंबीला अशा शिव्या द्यायचे, की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाच्या शिरेत अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, स्टेंट टाकायचा, उशीर नको. हे घरी आले, मोबाईल घेऊन ओटीवर बसले आणि संध्याकाळी ओरडले, "अगं, आपली अळंबी! शिरा मोकळ्या करायला हिच्यावर परदेशात संशोधन चाललंय!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून अळंबीची बडदास्त सुरू. ज्या झाडावर कुऱ्हाड पडायची, त्याला झारीने पाणी. कोंबड्या टोचतील म्हणून भोवती जुनं जाळं. मी बाळंत झाले तेव्हा ह्या माणसाने एवढी काळजी केली नव्हती.

काढा उकळायचं काम अर्थात माझ्याकडे. कडू जहर! हे नाक दाबून प्यायचे, आणि स्टेंटचं नाव काढलं की म्हणायचे, "बघू गं, फरक पडतोय."

तीन आठवड्यांनी मी गुपचूप डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे शांतपणे म्हणाले, "अभ्यास चाललाय, उद्या त्यातून काही निघेलही. पण प्रयोगशाळेतलं वेगळं आणि तुमच्या टोपातलं वेगळं. त्यांना थांबायला वेळ नाही."

फोन ठेवला आणि तोंड सोडलं. "अहो, ही मेली पोफळीचं पाणी शेंड्याला पोचू देत नाय, ती तुमचं रक्त काय पोचवणार?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"न कळायला काय झालं? मीपण पितेय की. रोज तुमच्या आधी अर्धी वाटी."

"तू? कशाला?"

"विषारी निघाली तर आधी मला कळेल, म्हणून."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "अक्कल हाय का तुला? काय झालं असतं म्हणजे?" असं ओरडले आणि पायरीवरच बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "भ्यालोय गं मी. आत तार घालतात म्हणे."

"मीपण भ्यालेय," मी म्हटलं.

ते उठले, टोप उचलला आणि काढा मोरीत ओतला.

"उद्याची गाडी सांग. पण आधी तुझं रक्त तपासायचं, मग माझा स्टेंट."