मशीन नापासालाच

आमच्या सेवा क्लबाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, भाषण मात्र तेच असतं. गोंदियात राईस मिल चालवणारे, कापड विकणारे, दातांचे दोन डॉक्टर आणि शाळेत मराठी शिकवणारी मी, असा आमचा गोतावळा. महिन्यातून दोनदा हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये बसायचं, समोसे येईपर्यंत समाजाची काळजी करायची आणि समोसे आले की ती काळजी पुढच्या बैठकीवर ढकलायची. तरी कामं होतात, हे कबूल करायला हवं. रक्तदान होतं, डोळे तपासले जातात, थंडीत ब्लँकेटं वाटली जातात, झाडं लावली जातात आणि त्यातली काही जगतातसुद्धा. त्या वर्षी मला सचिव केलं होतं, कारण पेपरात द्यायची बातमी शुद्ध मराठीत लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं.

कानाची मशीन फुकट वाटायचं ठरलं तेव्हा मी खुर्चीवरून जवळजवळ उडालेच. माझ्या डोक्यात मावशी होती.

गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीत माझ्या घरासमोर राहणारी ही मावशी. नात्याची नाही, पण सख्ख्या मावशीपेक्षा जास्त हुकूम सोडते. एकटी राहते, दारात बसून बिड्या वळते. कान गेलेत, पण ते तिला मुळीच मान्य नाही. लोक बारीक बोलायला लागलेत, असं तिचं म्हणणं. तिची एक युक्ती होती: सगळे हसले की हसायचं, सगळे उठले की उठायचं आणि कोणी काही विचारलं तर मान डोलावून म्हणायचं, "हो ना बाई, तसंच हाये." या युक्तीवर ती बिनबोभाट संसार चालवत होती. फक्त एकदा एका दलालानं घर विकायचं का म्हणून विचारलं, ही म्हणाली "हो ना, तसंच हाये," आणि दुसऱ्या दिवशी एक कुटुंब दारात उभं राहून स्वयंपाकघर कुठे आहे ते पाहू लागलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. फोनचं मात्र नेता येत नव्हतं. मावशीची एकुलती एक लेक देवरीला दिलेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, मी तो स्पीकरवर लावायचे आणि लेकीचं एकेक वाक्य मावशीच्या कानात ओरडून सांगायचे. "जेवलीस का म्हणते!" "गोळी घेतली का म्हणते!" अर्ध्या मुर्रीला कळायचं की मावशीनं गोळी घेतली. अशा बोलण्यात कोणती लेक मनातलं काढणार? एकदा ती म्हणाली, "मायले एक सांगायचं होतं..." आणि मग थांबून म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, काही नाही." मावशीनं माझा चेहरा वाचला. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "हा फोनच खराब हाये. पोरीच्या पोटातलं मले कवा कळन वं?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून मी जिवाचं रान केलं. बॅनर मी लिहिला: "भव्य मोफत श्रवणयंत्र वाटप शिबिर". अध्यक्ष म्हणाले, "मैडम, सीधा लिखो ना, कान की मशीन." मी म्हटलं, साहेब, भाषेची काही अब्रू असते. मग आम्ही ऑटोवर बॅनर आणि भोंगा लावून गावोगावी पुकारा केला. बहिऱ्यांना बोलवायला भोंगा फिरवणं हे आमच्या क्लबालाच सुचू शकतं, आणि गंमत म्हणजे ते कोणालाही विचित्र वाटलं नाही.

शिबिराच्या दिवशी हॉलबाहेर ही गर्दी! अध्यक्षांचे डोळे भरून आले. इतके बहिरे आपल्या भागात आहेत आणि आपण आजवर झाडं लावत बसलो, असं ते म्हणाले. पण मला काहीतरी खटकत होतं. रांगेतली म्हातारी माणसं आपसात कुजबुजत होती आणि कुजबुज एकमेकांना नीट ऐकू जात होती. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "श्रावणबाळची पेन्शन चालू करून राहिले ना इथं?"

माझं श्रवण त्यांनी श्रावण वाचलं होतं. पुढचं यंत्र कोणी वाचलंच नव्हतं. अध्यक्षांनी एकदा बॅनरकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. भाषेची अब्रू त्या क्षणी हॉलच्या पायरीवर बसली होती.

आता यातले बहिरे वेगळे कसे करायचे? दोन्ही डॉक्टर दातांचे. शेवटी सगळ्यांना आत खुर्च्यांवर बसवलं, सगळे निघाले म्हणून माझ्याबरोबर आलेल्या मावशीलाही. मग अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि हिंदीमराठी भेसळीत जाहीर केलं, "जे लोक श्रावणबाळसाठी आले आहेत त्यांनी कृपया घरी जावं, यहाँ सिर्फ कान की मशीन है." आणि चमत्कार झाला. ज्यांना ऐकू आलं ते उठले, आम्हाला चार शब्द सुनावले आणि निघून गेले. ज्यांना ऐकू आलं नाही ते शांतपणे बसून राहिले. बघता बघता हॉलमध्ये फक्त बहिरे उरले. एकेकाला तपासत बसलो असतो तर दुपार गेली असती. ही योजना आपण आधीच आखली होती, असं अध्यक्ष आजही सांगतात.

मी आनंदानं खुर्च्यांकडे पाहिलं. मावशीची खुर्ची रिकामी होती.

सगळे उठले, म्हणून तीही उठली होती! मी पदर खोचून रस्त्यावर धावले. मावशी मुर्रीच्या ऑटोत पेन्शनवाल्या दोघींच्या मध्ये बसून मान डोलावत होती. त्या दोघी क्लबाला शिव्या देत होत्या आणि ही म्हणत होती, "हो ना बाई, तसंच हाये." मी तिला दंडाला धरून खाली उतरवलं.

आत अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. इतके एकाग्र श्रोते त्यांना जन्मात मिळाले नव्हते. कोणी उठत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं, आणि ते श्वास घ्यायला थांबले की सगळे टाळ्या वाजवत होते. भाषण लांबतच गेलं. शेवटी समोसेवाला येऊन उभा राहिला तेव्हा कुठे ते आवरलं.

मग तपासणी. नागपूरहून आलेली एक गोड मुलगी कानावर हेडफोन चढवायची, आवाज आला की बोट वर करा, असं खुणेनं सांगायची आणि टेबलावरचं बटण दाबायची. मावशीची पाळी आली. मी दाराशी हात जोडून उभी. मावशीचं बोट वर, खाली, वर, खाली. एकदाही चुकलं नाही. मुलगी म्हणाली, "यांचे कान छान आहेत. मशीनची गरज नाही."

मावशीला शब्द कळले नाहीत, पण मुलीचं हसू कळलं. ती उठली ती छाती काढूनच. "पास झालो ना वं?"

मला रडू यायचं बाकी होतं. मग मी टेबलाकडे पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. मावशी आवाज ऐकत नव्हतीच, ती बटणावरचा हात पाहत होती! हात हलला की बोट वर. आयुष्यभराची युक्ती तिनं इथंही वापरली होती. मी मुलीला ते सांगितलं, तीही कपाळाला हात लावून हसली आणि म्हणाली, भिंतीकडे तोंड करून बसवा, पुन्हा घेते.

पण मावशी बसेना. मी तिच्या कानात ओरडले, "मावशी, पुन्हा परीक्षा द्यायची! मशीन नापासालाच मिळते!"

"काऊन?" मावशी हॉलभर ऐकू जाईल अशी गरजली. "जिंदगीत पहिल्यांदा परीक्षा देल्ली, पास झालो, आन् तू मले नापास करून राहिली? मास्तरीण हायेस का दुश्मन?"

ज्यांना थोडंफार ऐकू येत होतं ते हसले, त्यांना पाहून उरलेले हसले, आणि सगळे हसतात म्हणून मावशीही हसली. मी मात्र हसले नाही. तिच्यासमोर बसून तिचा हात धरला आणि ओरडले, "लेकीशी एकटीनं बोलायचं आहे की नाही?"

हे तिला एका झटक्यात ऐकू आलं. तिचा चेहरा उतरला. तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, "मले काहीच ऐकू येत नाई वं बाई." आणि स्वतःच खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसली.

यावेळी बोट हललं नाही. मुलगी बटण दाबत राहिली आणि मावशी भिंतीकडे पाहत बसली. असं सणसणीत नापास होणं मी शाळेतही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की मी एका दातांच्या डॉक्टरांना मिठीच मारली.

कानात मशीन बसली तेव्हा अध्यक्ष आभाराचं भाषण करत होते. मावशीनं दचकून डोळे मोठे केले, मान वाकडी करून ऐकलं आणि मला विचारलं, "हा कवापासून बोलून राहिला?" मी म्हटलं, सकाळपासून. "आन् याले कोनी थांबवत नाई?" हे थेट माईकपर्यंत पोचलं. मग अध्यक्षच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

संध्याकाळी मी सवयीनं मावशीच्या दारात हजर. फोन वाजला तशी मी हात पुढे केला. मावशीनं तो माझ्याआधी उचलला, कानाला लावला आणि मला म्हणाली, "तू जाय वं घरी. मायलेकीचं बोलनं हाये."

मी अंगणातून रस्त्यावर आले. आतून आधी हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग मावशीचा आवाज, एकदम हळू. इतक्या वर्षांत मावशीला हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला खूप बरं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. दोघींच्या मधली मी, आणि आता मलाच काही कळेना.

सकाळी राहवलं नाही. ती बिड्या वळत बसली होती. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणत होती लेक?"

मशीन तिच्या कानात नीट बसलेली होती. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, कानामागे हात लावला आणि म्हणाली, "काय म्हंते वं? ऐकूच नाई येऊन राहिलं."