बुधाबाबा गाणं विसरले नव्हते

खोटं आहे ते. साफ खोटं.

सकाळी किन्हवलीकडच्या पाड्यावरून फोन आला, बुधाबाबा गेले. दुपारपर्यंत तालुक्याच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरायला लागला.

खाली कुणीतरी लिहिलंय, "गौरीच्या नाचाचे थोर गायक. उतारवयात स्टेजवर गाणं विसरले, त्यानंतर गायले नाहीत. दुःखद."

त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग.

अरे, तुम्ही होतात का तिथे? मी होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो. कवितेवर जीव. तास सुटला तरी माझी कविता सुटायची नाही.

गौरीत दुपारी अख्खा पाडा अंगणात जमायचा. मधे ढोलकी, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. बुधाबाबा एकेक कडवं सांगायचे आणि प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ परत यायची.

"गवर आली गो, सिद्धगडाच्या पायथ्यानं..."

पहिल्यांदा ती नुसती कानावर पडायची. दुसऱ्यांदा ओळखीची वाटायची. तिसऱ्या वेळेला आपणच तिची वाट बघायला लागायचो.

मग बाबा मुद्दाम कडवं लांबवायचे. अजून लांबवायचे. कडेला पोर घेऊन उभी असलेली बाईसुद्धा अवघडून जायची. आणि ओळ आली की सगळ्या अंगणाचा अडकलेला श्वास सुटायचा.

त्याच ओळीवर फेर उलटा फिरायचा.

शेवटच्या वेळी बाबा "पायथ्यानं" ओढून धरायचे, ढोलकी दुप्पट पळायची, आणि आता संपणार हे सगळ्यांना कळायचं. कुणी कुणाला सांगितलेलं नसायचं. कानाला कळायचं.

माझ्याही कानाला कळत होतं हो! पण मी विश्वास ठेवला कागदावर.

तालुक्याला महोत्सव ठरला. प्रत्येक संघाला पाच मिनिटं. आमचं गाणं पंधरा मिनिटांचं, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ ती ओळ घोळवण्यातच जायचा.

मी ते वहीत उतरवून घेतलं. पाठ्यपुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात, पुढे नुसतं "धृ". मुलांनाही मी तसंच लिहायला लावायचो. लाल पेन घेतलं, ती ओळ सुरुवातीला ठेवली आणि बाकी सगळीकडची खोडली. कडवी शाबूत राहिली म्हणून स्वतःवरच खूश!

बाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"गुरुजी, ती ओळ कुठं गेली?"

"बाबा, तीच तीच कशाला? लोकांना एकदा कळली ना!"

"कळली म्हणून तर परत पायजे. ती नाय आली तर पाय फिरणार कशावर?"

"टाइम नाही, बाबा."

ढोलकीवाला काळू हसला. "आरं, गुरुजींनी गवरीला नॉनस्टॉप येष्टीत बसवली! मधला एक पण स्टॉप नाय!"

सगळे हसले. बाबा तेवढे हसले नाहीत.

"तुमी शिकलेलं. तुमी सांगता तसं करू."

स्टेजवर पहिलं कडवं संपलं. आता ओळ येणार.

बाबांनी माझ्या कागदाप्रमाणे थेट दुसरं कडवं धरलं.

निम्मा फेर सवयीनं उलटा फिरला, निम्मा तसाच पुढे गेला. माणसं एकमेकांवर आदळली. बाबांचा आवाज मधेच तुटला.

मंडपात हशा.

परीक्षक माइकवर म्हणाले, "काय बुवा, विसरलात? वय झालं, आता आराम करा."

मी विंगेत उभा, हातात वही. दोनच शब्द बोलायचे होते. "मी कापलंय." जीभ उचलली नाही.

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माइकजवळ वाकून म्हणाले,

"हां सायेब. इसरलो."

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "बाबा, असं का सांगितलंत?"

"तुमची पोरं व्हती ना पुढच्या रांगेला. उद्या तुमाला त्यांच्यासमोर उभं रायचंय. मी काय, बैलांसमोर उभा रायतो. ते नाय विचारत."

त्यानंतर ते गायले नाहीत. गौरीतसुद्धा नाही. बोलवायला गेलं की म्हणायचे, "नको. परत कोनतरी म्हणंल, इसरला."

रस्त्यात टारगट पोरं ओरडायची, "बुधाबाबा, पुढची ओळ काय?"

आणि मी, त्यांचा मास्तर, खाली मान घालून सायकल पुढे दामटायचो.

एकदा नाही. वर्षानुवर्षं.

संताप येतो. त्या परीक्षकाचा येतो, ज्याला घड्याळ बघता आलं पण ऐकता आलं नाही. आज काही माहीत नसताना "दुःखद" लिहिणाऱ्यांचा येतो. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

पुढच्या रांगेतली ती मुलं आता चाळिशीला आलीत. बरीचशी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

मुलांनो, नीट वाचा. बुधाबाबा एक अक्षर विसरले नव्हते. गाणं तुमच्या गुरुजींनी मोडलं, आणि त्या माणसानं दोष स्वतःच्या अंगावर घेतला. कुणासाठी, तर माझी तुमच्यासमोरची पत राहावी म्हणून.

ग्रुपवरची ती पोस्ट आजच्या आज बदला. नाही बदललीत तर दहाव्याला सगळ्या गावासमोर उभा राहून मी हेच सांगणार आहे. बदललीत तरी सांगणार आहे.

बाबा, तुम्ही जिवंत असताना हे बोलायला हवं होतं. नाही बोललो.

या मास्तराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.