शुक्रवार ते सोमवार

शुक्रवारी दुपारी इंदापूरच्या कोर्टानं माझ्या नवऱ्याला दोषी ठरवलं. शिक्षेचं सोमवारी ऐकू, असं सांगून त्यांना आत पाठवलं. गुन्हा घडला होता, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. आमच्या बौद्धवस्तीला नळ मिळेना, म्हणून त्यांनी ग्रामसेवकांना कार्यालयात कोंडून बाहेरून कडी घातली होती. दोन तास. तेव्हा निमगाव केतकीजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

शनिवारी पुण्याहून नागरी हक्क समितीच्या एक वकीलबाई आल्या. बरोबर बारामतीच्या तशाच एका संघटनेचे निवृत्त मास्तर होते.

बाई म्हणाल्या, "शिक्षा अजून व्हायचीय. पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, अशी मागणी करू. त्यांच्या वागणुकीबद्दल गावकऱ्यांची पत्रं लागतील. ग्रामसेवकांचं मिळालं तर फार बरं."

वस्तीनं भराभर सह्या केल्या. उसवाल्या बागायतदारांपैकी फक्त एका वयस्कर तात्यांनी केली; बाकीच्यांनी "बगू" म्हणून वाटेला लावलं.

ग्रामसेवकांची बदली सुप्याला झाली होती. रविवारी आम्ही तिघं त्यांच्या दारात उभे राहिलो. मास्तरांनी येण्याचं कारण सांगितलं. ग्रामसेवक माझ्याकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी माझी पोरगी तापानं फणफणली होती. घरून निरोप आलेला. मी आतून दार बडवत होतो."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मनात आलं, आता माघारी फिरावं.

"मला ठावं नव्हतं, भाऊसाहेब," मी म्हणाले. "लई चुकलं आमचं."

मग वकीलबाईंकडून कागद घेऊन त्यांनी दोन ओळी लिहिल्या: मला कुणी हात लावला नाही. यांना तुरुंगात टाकावं असं माझं म्हणणं नाही.

सोमवारी न्यायाधीशांनी तो कागद वाचला. वर्षभर शांतता राखायची आणि चांगलं वागायचं, या हमीवर माझ्या नवऱ्याला सोडलं.

कोर्टाबाहेर मी त्यांना पोरीच्या तापाचं सांगितलं.

"त्यो आतनं पोरीचं सांगत हुता, मला ऐकू येत हुतं," ते म्हणाले. "दार उघडायला लावायला बोलतोय, आसं वाटलं."

पुढच्याच रविवारी ते एकटेच सुप्याला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नळ मात्र अजून आला नव्हता. पुढच्या महिन्यात वस्तीतल्या बाया हंडे घेऊन तहसील कचेरीवर निघाल्या. अंगणवाडीचं काम जाईल, अशी मला धास्ती होती.

"वर्षाची हमी हाय, मला येता यायचं न्हाय," ते दारातून म्हणाले.

"ठावं हाय," म्हणत मी हंडा उचलला आणि बायांच्या मागोमाग चालू लागले.