बैल दाखवा!

सोमवार, १६ जून, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सोनईतल्या आमच्या क्लासच्या इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, डस्टर टेबलावर आपटला आणि गर्जना केली, "बैल दाखवा!"

नवख्याला वाटावे, घोडेगावचा बाजार भरला आहे. सरांचे वडील त्याच बाजारात बैलांची दलाली करत, आणि सरांनी इंग्रजी व्याकरणही तिथूनच पाहिले होते. वाक्य म्हणजे गाडी. ती ओढते क्रियापद. म्हणून क्रियापद म्हणजे बैल. 'इज ईटिंग' ही जोडी. 'हॅज बीन ईटिंग' असे तिघे आले की सर म्हणत, "चढ लई हाय पोरांनो, वाढीव जुंपलाय!" बेचाळीस मुलांचे बेचाळीस हात वर.

मी तिथे विज्ञान शिकवत असे. माझ्या तासाआधी मागच्या बाकावर वही घेऊन बसत असे. वाचकहो, तुम्हीही माणसे न्याहाळणारे, म्हणून सांगते: मोजल्याखेरीज मत देऊ नये. हात बेचाळीस, बरोबर उत्तरे अकरा.

कारण शोधायला दोन तास पुरले. मुले शेतकऱ्यांची, एकटा बैल जुंपलेला त्यांनी पाहिला नव्हता. 'काउज ईट ग्रास'मध्ये 'ईट' सापडला की ती शेजारच्या 'ग्रास'लाही जोडीला जुंपत. गवत गाडी ओढू लागे.

"सर, तुमची उपमा सदोष आहे," मी म्हटले.

"उपमा ब्येस हाय, मॅडम. एकटा बैल दिसला की पोरांना त्याची कीव येती. जमंल हळूहळू."

संचालकांना हळूहळू परवडत नव्हते. त्यांनी पुण्याहून व्हिडिओचे धडे मागवले होते. चाचणीत मुले कमी पडली, तर सरांचा तास पडद्याला मिळणार होता. चाचणी मी घ्यायची, कारण मी निःपक्षपाती.

हे सरांना ठाऊक होते. चाचणीच्या दिवशी ते खिडकीबाहेर उभे राहिले आणि एक बोट वर धरून कळकळीने हलवू लागले: एकच, एकच बैल! मुलांनी त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा घेतला आणि कधी नव्हे इतक्या शिस्तीत चुका केल्या.

अहवालात मी लिहिले: बेचाळीसपैकी नऊ. वहीतला, तासाला वर आलेल्या हातांचा रकाना मी दिला नाही. तो कोणी मागितला नव्हता, आणि मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान होता.

"पेपर चांगला काढलात, मॅडम," क्लास सोडून जाताना सर म्हणाले. डस्टर बरोबर नेला; तो त्यांचा स्वतःचा होता.

आता पडद्यावरच्या बाई निर्दोष उच्चारात क्रियापद विचारतात आणि उत्तरासाठी पाच सेकंद थांबतात. वहीतली माझी शेवटची नोंद अशी: सोमवार, १ सप्टेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. उपस्थिती बेचाळीस. वर आलेले हात: शून्य.