ढेकळं राखणारा आजा

माझे सासरे आयुष्यभर ज्वारी पेरत आले. सोलापूरकडची सपाट काळी जमीन, नजर पोचेल तिथवर झाड म्हणून नाही, आणि वर्षाकाठी एकच पीक. पावसाळाभर रान नांगरून मोकळं ठेवायचं, सप्टेंबरात पेरायचं, जानेवारीत हुरडा, मग काढणी. बाकी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तंबाखू खायचे, कमी बोलायचे, आणि नातीपुढे त्यांचं काही म्हणजे काही चालायचं नाही.

नात म्हणजे माझी लेक. जर्मनीत जन्मली, हेर्त्सोगेनआउराखजवळच्या खेड्यात वाढली. नवरा तिथे इंजिनियर. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. किंडरगार्टनला सुट्टी ऑगस्टात, म्हणून आम्ही गावी जायचो तेही ऑगस्टातच. ती पाच वर्षांची असताना मामा, म्हणजे सासरे, त्यांना मी मामाच म्हणायची, तिला खांद्यावर बसवून रान दाखवायला घेऊन गेले. आम्ही मागून. तिने चारी दिशांना मान फिरवली आणि जर्मनमध्ये म्हणाली, इथे तर काहीच नाहीये. आणि माझ्या नवऱ्याने, अक्कल गहाण टाकल्यासारखं, ते जसंच्या तसं मराठीत सांगून टाकलं.

मामा तेव्हा हसले. संध्याकाळी मात्र ताटात भाकरी तशीच राहिली. मी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बाई, हिला वाटतंय आजा नुसती ढेकळं राखतोय."

मी म्हटलं, अहो मामा, लेकरू आहे, तिला काय कळतंय. पण त्यांच्या ते मनाला लागलं ते लागलंच. जानेवारीत या म्हणाले, भरल्या रानात हुरडा खायला या. जानेवारीत कसे येणार? नवऱ्याला रजा नाही, तिकिटांचे भाव ऐकूनच चक्कर यायची. मग त्यांनीच ठरवलं. नात रानात येत नाही ना, तर रान तिच्याकडे न्यायचं.

पुढच्या मेमध्ये तीन महिन्यांचा व्हिसा काढून मामा आमच्याकडे आले. बॅगेत शेंगाचटणी, भाकरीचं पीठ, आणि बंडीच्या आतल्या खिशात ज्वारीचं बियाणं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. विमानतळावर धरलं असतं म्हणजे? तुमच्या लेकाची नोकरी, आमचा इथला परवाना, कशाचा काही विचार? मी चांगली पाचेक मिनिटं तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इथं सूर्य कोणत्या बाजूनं उगवतो?

खाली घरमालकीणबाई राहायच्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या हिरवळीवर पाऊल ठेवायची आमची छाती नव्हती. नवऱ्याने भीतभीत विचारलं, तर बाईंनी कुंपणालगतचा पट्टा सरळ मामांच्या हवाली केला. पूर्वी तिथे त्या बटाटे लावायच्या. मामांनी कुदळीने माती उकरली, हातात घेऊन चुरली, हुंगली. तोंड वाकडं केलं, पण पेरलं.

पेरलं ते उगवतं म्हणतात, तसं उगवलंही झकास. त्या वर्षी जर्मनीत उन्हाळा असा काही तापला की लोक हैराण झाले, फक्त मामा खूश. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, नातीला शेजारी उभं करून कुणाची उंची जास्त ते बघायचे. आधी ती उंच होती. मग बरोबरी झाली. मग ज्वारी मामांच्या टोपीच्या वर गेली. पोरगी दिवसभर ज्वारीच्या उभ्या ताटांत लपायची आणि आजोबांनी शोधायचं. सापडली की खिदळायची, पुन्हा पळायची. दोघांची भाषा काय होती देव जाणे. ते सोलापुरी बोलायचे, ही जर्मन, आणि भांडणंसुद्धा नीट व्हायची.

पाखरं येतील म्हणून त्यांनी जुन्या नाडीची गोफण करून दिली. दगड नकोत, म्हणून झाडाखाली पडलेली कच्ची सफरचंदं. त्यातलं एक घरमालकीणबाईंच्या पन्हाळीवर जाऊन आदळलं. बाई खिडकीतून बघत होत्या. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. त्यातून त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पाखरं मात्र आली नाहीत. येणार कशाला, दाणा कुठे होता? जुलै सरला तरी ज्वारी नुसती वाढतच होती. ताट अंगठ्याएवढं जाड, पानं दांडगी, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला शेंडे टेकले, आणि कणसाचा पत्ता नाही. मामा रोज उठून शेंड्याकडे बघायचे. नात विचारायची, हुरडा कधी? तेवढा एक शब्द ती मराठीत बोलायची. मामा म्हणायचे, येतोय, येतोय. त्यांची बोलायची पद्धतच तशी तुटक होती, पण ते 'येतोय' दिवसेंदिवस बारीक होत गेलं. मला फार वाईट वाटायचं. त्या ज्वारीचा रागही यायचा.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक ताट मोडून स्वयंपाकघरात आणलं. नखाने शेंडा उभा चिरला. कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीत, शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत असतं, निदान तेवढं तरी सापडेल म्हणून. आत पानात पान, पानात पान.

"नुसता चाराच झाला की गं बाई," म्हणाले, आणि ते तुकडे गोळा करून स्वतःच बायोटोनमध्ये, कुजणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात, टाकून आले. विमानतळावर नातीचा मुका घेतला, पण तिच्याकडे सरळ पाहिलं नाही.

ते गेल्यावर नवऱ्याने कृषी खात्यातल्या एका मित्राला फोन लावला. रब्बीची ज्वारी म्हणे दिवस लहान व्हायची वाट बघते, त्याशिवाय कणसाचं मनावर घेत नाही. आणि आमच्याकडे जूनमध्ये जेवणं उरकली तरी उजेड. मी लगेच मामांना कळवलं. म्हणाले, म्हणजे जोंधळ्याचा काही दोष नव्हता. तुमचाही नव्हता, मी म्हटलं. ऑक्टोबरात पहिल्या हिमाने ज्वारी करपली.

त्यानंतर ते पुन्हा काही आले नाहीत. गुडघ्यांनी दावा मांडला होता. आम्हीही दोनदा गेलो ते ऑगस्टातच, आणि मामांनी लेकीला रानात चल म्हटलं नाही. अंगणातच खेळवत राहिले.

ते गेले जानेवारीत. सकाळी चहा पिऊन अंथरुणावर टेकले ते तसेच. शाळेने लेकीला रजा दिली आणि आम्ही तिघं गावी पोचलो. अंत्यविधी उरकला होता. दुसऱ्या दिवशी धाकटे दीर, वडिलांना ते दादा म्हणायचे, आम्हाला दादांचं रान बघायला घेऊन गेले.

रान नुसतं भरलेलं होतं. बांधापासून पार आभाळ टेकतं तिथवर ज्वारी, एकसारखी, दुधावर आलेली, कणसं मुठीपेक्षा मोठी. पाखरांचे थवेच्या थवे उठत होते. नवरा हमसून हमसून रडायला लागला. मलाही आवरेना.

दिरांनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि कोवळे दाणे पुतणीसमोर धरले. "खा. आज्यानं पेरलेलं हाय."

तिने खाल्ले. चावत चावत एका ताटाला पाठ लावून उभी राहिली, डोक्यावर हात आडवा धरून मापलं, वर बघितलं, आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणती?

नवरा सांगण्याच्या स्थितीत नव्हता. मीच सांगितलं. "म्हणतेय, आजोबांनी आमच्याकडे लावलेली ज्वारी याच्यापेक्षा कितीतरी उंच होती."

दीर बांधावर बसले. "हे दादांनी ऐकायला पायजे होतं, वैनी."

लेक पुढचं कणीस ओढत होती.