आईने बोटं दाबली
स्पिरिटचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते. उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्स कापताना आईच्या उजव्या हातातून दोनदा कात्री गळून पडली होती. मेंदूची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. लकवा टळावा म्हणून डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी वर नेऊन तिथे स्टेंट बसवला. आई शुद्धीवर येताच ते म्हणाले, "मावशी, उजव्या हाताने माझी बोटं दाबा." तिने इतकी घट्ट दाबली की तेच हसून म्हणाले, "सोडा आता, उद्या मला काम आहे." वर आईजवळ एकालाच थांबायची परवानगी होती, म्हणून मी धावत खाली बाबांकडे गेले. धाप लागलेली, "आईने बोटं दाबली" एवढंच कसंबसं बोलले. कोणाची, कशाला, काहीही न विचारता बाबा लिफ्ट सोडून जिन्यानेच वर पळाले. आज हे सांगतानाही माझा श्वास तसाच फुलतो.